विणकाम-शिवणकाम: गरज संपल्यानंतरची निर्मिती

एका वाचक भगिनीने विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. २०२०च्या टाळेबंदीत त्या चलचित्रे (व्हिडिओ) पाहून क्रोशे शिकल्या, पुढे दोन सुयांवरचे विणकाम सुरू केले आणि आता शिवणयंत्रही घेतले आहे. त्यांच्या आत्येसासूबाईंचे म्हणणे असे, की पूर्वीच्या बायका गरजेपोटी विणत-शिवत होत्या, आताच्या हौसेपोटी करतात, तेव्हा त्यात अभिव्यक्ती वगैरे काही शोधू नये. स्वतः त्यांना वेगळीच शंका आहे. हातून झालेली प्रत्येक वस्तू कोणाच्या तरी नमुन्यावरून उतरवलेली असते, मग तिला आपली निर्मिती म्हणायचे ते कशाच्या बळावर? आणि नकलेतून बाहेर पडायचे असेल तर वाट कोणती?

विणकाम आणि शिवण या दोन्ही गोष्टी मी दीर्घ काळ करत आणि शिकवत आले आहे. त्या अनुभवावरून माझे मत असे झाले आहे, की एखादी वस्तू हाताने केली एवढ्यावरून ती अभिव्यक्ती ठरत नाही. ती करताना किती निर्णय करणारीने स्वतः घेतले, यावर ते अवलंबून असते. कोणासाठी करायचे, कशाचे करायचे, कुठे थांबायचे, कुठे उसवायचे, हे ठरवण्याची मोकळीक आजच्या स्त्रीला पूर्वीपेक्षा पुष्कळ अधिक आहे. मात्र ते निर्णय घेण्यासाठी कापडाचे आणि विणीचे जे ज्ञान लागते ते मिळवण्याचा कंटाळा आपल्याकडे फार आहे, आणि सध्याच्या पुनरुज्जीवनातला सर्वांत कच्चा दुवा मला तोच वाटतो.

आत्येसासूबाईंच्या म्हणण्यात तथ्य आहे, पण ते अर्धेच. महाराष्ट्रात कापड बेतून कपडे शिवणे हा मुळात शिंपी समाजातील पुरुषांचा व्यवसाय होता. संत नामदेवांचे घराणे शिंप्याचे, हे आपण सर्व जाणतो. स्त्रीचे लुगडे तर न कापता, न शिवता नेसायचे वस्त्र. त्यामुळे घरातल्या सुईच्या वाट्याला खणाची चोळी, बाळाची कुंची-दुपटी, ठिगळे आणि गोधडी एवढेच काम येत असे. शिवणयंत्राचे एकस्व (पेटंट) एलियास हाऊ यांना अमेरिकेत १८४६ साली मिळाले आणि आयझॅक सिंगर यांचे यंत्र १८५१ साली आले; ते आपल्या मध्यमवर्गीय घरात पोचले आणि स्त्रीच्या हाती सर्रास आले ते बरेच नंतर. पंडिता रमाबाई यांनी १८८९ साली मुंबईत शारदा सदन काढले, रमाबाई रानडे यांच्या पुढाकाराने १९०९ साली पुण्यात सेवा सदन उभे राहिले, आणि अशा संस्थांतून विधवा व निराधार स्त्रियांना पायावर उभे करण्यासाठी जे शिक्षण दिले गेले त्यात शिवणकाम होतेच. या कामाने असंख्य संसार सावरले, हे निर्विवाद आहे. पण त्याचा एक परिणाम असाही झाला, की मराठी घरात शिवण म्हणजे अडीअडचणीची तरतूद, असे समीकरण पक्के झाले. मुलीला शिवणक्लासला घालायचे ते ‘उद्या वेळ आली तर’ म्हणून. निराधार स्त्रियांना शिवणयंत्रे वाटण्याच्या योजना आजही निघतात, त्यामागे हाच विचार आहे.

विणकामाची गोष्ट थोडी निराळी. ते आपल्याकडे आले युरोपीय लोकांबरोबर, मिशनच्या शाळांतून आणि साहेबांच्या घरांतून. गोव्यात पोर्तुगीज संपर्कामुळे क्रोशाची लेस ख्रिस्ती घरांत रुजली. महाराष्ट्रात कडाक्याची थंडी अशी नाहीच, म्हणून येथे लोकरीचे काम मुख्यतः बाळंतविड्यापुरते राहिले: टोपडे, पायमोजे, झबल्यावर घालायचा छोटा स्वेटर. १९६२च्या युद्धात सीमेवरच्या जवानांसाठी देशभरातल्या स्त्रियांनी स्वेटर विणले, त्यांत मराठी स्त्रियाही होत्या. पुढची काही दशके स्त्रियांच्या मासिकांतून विणीचे नमुने छापून येत, आणि एखादी नवी वीण दिसली की रेल्वेच्या डब्यात अनोळखी बाईला थांबवून तिच्या स्वेटरचे टाके मोजले जात. मग लुधियानाचे यंत्रावर विणलेले तयार स्वेटर स्वस्त झाले, हिवाळ्यात शहरोशहरी भरणाऱ्या तिबेटी विक्रेत्यांच्या बाजारात ते ढिगांनी मिळू लागले आणि नुसत्या लोकरीची किंमत तयार स्वेटरच्या वर गेली. तेथे गरज संपली.

या जागी आत्येसासूबाईंचे निदान बरोबर असले तरी निष्कर्ष मला पटत नाही. गरज संपल्यावरही जे काम कोणी करते, ते का करते, हा प्रश्न उरतोच. स्वस्त तयार वस्तू समोर असताना दोन महिने खपून एक शाल विणणाऱ्या स्त्रीला शालीपेक्षा वेगळे काहीतरी हवे असते. रंग स्वतः निवडण्याचे सुख असेल, दिवसभर दुसऱ्यांची कामे केल्यावर केवळ आपल्या मनाने पुढे सरकणारे एक काम असेल, किंवा आपण एखादी गोष्ट मुळापासून शेवटपर्यंत करू शकतो याची खात्री असेल. कार्यालयात पडद्यावर काम करणाऱ्या कित्येक तरुणी मला सांगतात, की दिवसअखेर हातात धरता येईल असे त्यांच्या कामातून काहीच निघत नाही. ही हौस आहे, हे कबूल. चित्रकाराचीही हौसच असते, पण त्याला आपण तसे तोंडावर म्हणत नाही.

दुसरी गोष्ट अशी, की गरजेपोटी झालेल्या कामात अभिव्यक्ती नव्हती हेही खरे नाही, आणि त्यासाठी गोधडीकडे पाहावे. मला या विषयावर थोडे सविस्तर बोलायचे आहे, कारण शिवणकलेतली आपली सर्वांत अस्सल परंपरा हीच आहे आणि तिच्याकडे आपण आत्ता आत्ता पाहू लागलो आहोत. जुनी सुती लुगडी आणि धोतरे धुऊन, थरावर थर पसरून, वर निवडक तुकडे बसवून धावदोऱ्याने शिवलेली ही वस्तू. दोरा बहुधा कडेने सुरू होतो आणि चौकटीच्या आत चौकट घालत मध्यापर्यंत जातो. या रचनेला व्यावहारिक कारण आहे: घरात मोठी चौकट नसते, थर जमिनीवर पसरलेले असतात, आणि कडा आधी बांधल्या की आतले थर फारसे सरकत नाहीत. पण टाक्यांच्या ओळींत किती अंतर ठेवायचे, काठाची लाल पट्टी कुठे वळवायची, विटलेल्या निळ्याशेजारी कोणता तुकडा ठेवायचा, कोपरा जुळला नाही तर तेथे चौकोन घालायचा की त्रिकोण, हे कोणी लिहून दिलेले नसे. जुन्या गोधड्या जवळून पाहिल्या तर लक्षात येते, की दोन गावांतल्या सोडाच, एका घरातल्या दोन जावांच्या गोधड्याही सारख्या नसतात. मुंबईच्या गीता खंडेलवाल यांनी महाराष्ट्रातल्या गोधड्यांची पुस्तकरूपाने नोंद केली, ती या दृष्टीने मोलाची आहे. गोव्याला लागून असलेल्या उत्तर कन्नड जिल्ह्यातल्या, मूळच्या आफ्रिकी वंशाच्या सिद्दी समाजातल्या स्त्रिया जी कौदी (गोधडी) शिवतात, तिच्या चार कोपऱ्यांवर दुमडलेल्या रंगीत तुकड्यांची ‘फुले’ बसवल्याशिवाय ती पुरी झाली असे त्या मानत नाहीत. ऊब मिळण्यासाठी त्या फुलांची काहीएक आवश्यकता नसते.

हेच अमेरिकेत घडले. अलाबामा राज्यातल्या गीज बेंड या खेड्यातल्या कृष्णवर्णीय स्त्रिया पिढ्यान्‌पिढ्या शेतावरच्या फाटक्या कपड्यांतून पांघरुणे शिवत होत्या. २००२ साली त्यांची प्रदर्शने ह्यूस्टनच्या आणि न्यूयॉर्कच्या मोठ्या संग्रहालयांत भरली तेव्हा समीक्षकांनी त्यांची तुलना आधुनिक अमूर्त चित्रांशी केली, आणि २००६ साली त्यांच्यावर टपाल तिकिटेही निघाली. आपल्या गोधडीचे दुर्दैव असे, की तिच्या कर्तीचे नाव कोणी लिहून ठेवले नाही. यावरून एक सांगणे आहे: आपण जे काही कराल त्याच्या कोपऱ्यात नाव आणि साल टाक्यांनी घालत चला. यात मिरवणे नाही. चाळीस वर्षांनी नातीला ती वस्तू कोणी केली हे कळेल.

गोधडीच्या बाबतीत आणखी एक अडचण सध्या आहे आणि तिच्याविषयी फार कमी बोलले जाते. जुनी गोधडी मऊ असायची, कारण लुगडे वर्षानुवर्षे धुऊन मऊ झालेले सुती असे. आता कपाटातल्या बहुतेक साड्या कृत्रिम धाग्याच्या असतात. त्यांची गोधडी निसरडी होते, थर एकमेकांवर सरकतात, घाम टिपत नाही आणि सुई जाताना धागा ओढला जाऊन चुण्या पडतात. अशा साड्या वापरायच्याच असतील तर त्या वरच्या नक्षीपुरत्या घ्याव्यात. आतला आणि खालचा थर सुतीच ठेवावा आणि बारीक अंतरावर कच्चे टाके घालून मगच धावदोरा सुरू करावा.

आता आजच्या लाटेविषयी. पाश्चात्त्य देशांत तिची सुरुवात विसाव्या शतकाच्या अखेरीस झाली. डेबी स्टोलर या स्त्रीवादी संपादिकेने १९९९ साली न्यूयॉर्कमध्ये विणणाऱ्यांचा गट जमवला आणि २००३ साली तिचे विणकामावरचे पुस्तक आले. आजीचे काम म्हणून ज्याची टर उडवली जाई ते तरुण, शिकलेल्या, नोकरी करणाऱ्या स्त्रियांनी उघडपणे, चहाच्या दुकानात बसून करणे, ही त्या काळी एक भूमिका होती. २००७ साली रॅव्हलरी हे नमुन्यांचे आणि विणणाऱ्यांचे संकेतस्थळ सुरू झाले आणि जगातल्या कोणत्याही कोपऱ्यात बसून नमुना मिळवता, विकता आणि दुरुस्त करता येऊ लागला. २१ जानेवारी २०१७ रोजी अमेरिकेत स्त्रियांचे मोठे मोर्चे निघाले, तेव्हा हजारो जणींच्या डोक्यावर हाताने विणलेल्या गुलाबी टोप्या होत्या. सुई हे आज्ञाधारकपणा शिकवण्याचे साधन होते आणि त्याच सुईने स्त्रियांनी प्रतिकारही केला, असे ब्रिटिश कला-इतिहासकार रोझिका पार्कर यांनी भरतकामाविषयी १९८४ सालीच मांडले होते. गुलाबी टोप्यांनी ते रस्त्यावर दाखवले.

भारतात या लाटेचे ठळक उदाहरण म्हणजे चेन्नईच्या सुभाश्री नटराजन यांनी उभा केलेला क्रोशे करणाऱ्या स्त्रियांचा समूह. या समूहाने २०१६च्या जानेवारीत ११ हजार चौरस मीटरहून मोठे क्रोशाचे पांघरूण जोडून गिनीज विक्रम केला. त्यात देशभरातल्या स्त्रियांनी चौकोन विणून पाठवले. अशा उपक्रमांविषयी माझे मत संमिश्र आहे. घरात एकट्याने विणणाऱ्या स्त्रीला आपल्यासारख्या शेकडो जणी आहेत हे कळते, तिचे काम घराबाहेर जाते, घरच्यांची नजर बदलते. हे सर्व फार चांगले. पण ठरलेल्या मापाचा चौकोन ठरलेल्या विणीत पाठवण्यात निर्णयाला जागा नसते. तो सहभाग आहे, आणि सहभागाला त्याच नावाने ओळखावे. याच्या अगदी दुसऱ्या टोकाला मृणालिनी मुखर्जी आहेत. १९४९ साली मुंबईत जन्मलेल्या या शिल्पकर्तीने रंगवलेल्या दोरखंडाच्या गाठी मारून माणसाहून उंच शिल्पे उभी केली आणि तीही आधी आराखडा न काढता. तिच्या हयातीत कित्येकांना ही हस्तकला की शिल्पकला हेच ठरवता येईना. २०१९ साली, तिच्या मृत्यूनंतर चार वर्षांनी, न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयाने तिचे मोठे प्रदर्शन भरवले. आपण सर्वजणी या दोन टोकांच्या मध्ये कोठेतरी असतो आणि त्यात कमीपणा काही नाही.

आता नकलेचा मुद्दा. नक्कल वाईट नसते. शिकण्याची तीच रीत आहे. पाककृती पाहून शंभर वेळा भाजी करणाऱ्या बाईला नंतर पाककृती लागत नाही, ती मिठाचा अंदाज स्वतः घेते. चलचित्रांवरून शिकणाऱ्यांची अडचण अशी, की त्या हातांची हालचाल शिकतात, पण कापड वाचायला शिकत नाहीत. चित्र थांबवले की हात थांबतो. म्हणून पहिली गोष्ट ही, की विणलेल्या तुकड्याकडे पाहून प्रत्येक टाका ओळखता आला पाहिजे. विणकामात मुळात टाके दोनच, सुलट आणि उलट, आणि तेही एकाच टाक्याची पुढची आणि मागची बाजू. सुलट टाका समोरून इंग्रजी व्ही अक्षरासारखा दिसतो, उलट टाका आडव्या गाठीसारखा. पुढून सर्व सुलट दिसणारे कापड कडांना गुंडाळते, कारण त्याच्या दोन बाजूंचा ताण सारखा नसतो. म्हणूनच कडेला एक सुलट एक उलट किंवा सर्व ओळी सुलट अशी किनार घालावी लागते. हे कारण समजले की किनार किती रुंद हवी आणि कोणती हवी, हा निर्णय आपला होतो. मी विद्यार्थिनींना मुद्दाम एक टाका सोडायला लावते, तो चार ओळी खाली घसरू देते आणि क्रोशाच्या सुईने वर घ्यायला सांगते. ज्या दिवशी हे न घाबरता जमते त्या दिवसापासून विणणारी नमुन्याच्या मुठीतून सुटते.

दुसरी गोष्ट ताणाची, म्हणजे ठरावीक लांबीत आपल्या हाताचे किती टाके बसतात याची. सुरुवात करताना पंधरा सेंटिमीटरचा चाचणीचा चौकोन विणून, धुऊन, वाळवून, मधल्या दहा सेंटिमीटरमधले टाके मोजावेत, असे प्रत्येक पुस्तक सांगते आणि जवळजवळ कोणीच ते करत नाही. त्याची किंमत हिशेबाने पाहा. दहा सेंटिमीटरला २० टाके धरून छातीच्या १०० सेंटिमीटर घेरासाठी आपण २०० टाके घातले. पण आपला हात आवळ असल्याने दहा सेंटिमीटरला २२ टाके बसत असतील, तर घेर ९१ सेंटिमीटरच भरतो. नऊ सेंटिमीटरचा फरक म्हणजे स्वेटर धाकट्या बहिणीला द्यायचा. परदेशी नमुन्यांच्या बाबतीत आणखी एक सापळा आहे. आपल्या बाजारात सुयांचे नंबर बहुधा जुन्या ब्रिटिश पद्धतीचे असतात, ज्यात नंबर वाढला की सुई बारीक होते: ८ नंबर म्हणजे ४ मिलिमीटर, १० नंबर म्हणजे सव्वातीन मिलिमीटर. अमेरिकी नमुन्यातला ८ नंबर मात्र ५ मिलिमीटरचा असतो. क्रोशातही असेच आहे. अमेरिकी नमुन्यातला ‘डबल क्रोशे’ म्हणजे आपला साधा खांब, तर ब्रिटिश नमुन्यात त्याच नावाने बुटका मुका खांब येतो. नमुना कोणत्या देशाचा हे पाहिल्याशिवाय सुई उचलू नये, आणि नंबराऐवजी मिलिमीटरवर भरवसा ठेवावा.

ताण हातात आला की स्वतःचा स्वेटर आखण्यासाठी नमुना लागतच नाही. इंग्लंडात जन्मलेल्या आणि अमेरिकेत स्थायिक झालेल्या एलिझाबेथ झिमरमन यांनी एक सोपी रीत रूढ केली, ती मी सर्वांना शिकवते. छातीच्या घेराचे एकूण टाके म्हणजे शंभर टक्के धरायचे. मनगटाशी त्याचे साधारण २० टक्के, दंडाशी एक तृतीयांश, गळ्याशी ४० टक्के. वर धरलेल्या २०० टाक्यांच्या अंगासाठी मनगटाशी ४०, दंडाशी ६६ आणि गळ्याशी ८० टाके येतात. मग वीण कोणती, पट्टे कुठे, बाही पोकळ की घट्ट, हे सगळे आपल्या हाती. पहिला असा स्वेटर सुबक होईलच असे नाही, पण तो कोणाच्याही नमुन्यावरून उतरवलेला नसेल.

रंगाविषयी फक्त एक युक्ती सांगते. निवडलेल्या लोकरीचे गुंडे शेजारी ठेवून भ्रमणध्वनीवर कृष्णधवल छायाचित्र काढावे. दोन रंग त्यात एकसारखे करडे दिसले तर नक्षी विणल्यावर ती दुरून दिसणार नाही, मग प्रत्यक्षात ते लाल आणि हिरवे का असेनात.

आपल्या हवामानात लोकर कोठे वापरायची, हा प्रश्न नेहमी येतो. स्वस्त लोकर म्हणून जी मिळते ती बहुधा ॲक्रिलिक असते. तिच्यावर गरम इस्त्री फिरवली की धागा लोळागोळा होतो आणि लवचिकपणा परत येत नाही. सुती धागा आपल्याकडे अधिक वापरण्याजोगा आहे, पण त्याला लोकरीसारखी उसळी नसते. सुती कपडा वजनाने खाली ओढला जातो आणि एक सुलट एक उलट घातलेली किनार काही दिवसांत सैल पडते. म्हणून सुती धाग्यात चाचणीचा चौकोन धुऊन, खालच्या कडेला चिमटे लावून टांगून वाळवावा आणि मगच उंची ठरवावी. गळा-बाहीला घट्टपणा हवा असेल तर दोन नंबर बारीक सुई घ्यावी.

शिवणात निर्मितीची सुरुवात कापड बेतण्यापासून होते. यंत्रावर सरळ टीप मारणे आठवड्यात जमते. उभा धागा, आडवा धागा आणि उरेब (तिरका काप) यांचा स्वभाव कळायला वेळ लागतो. उभ्या धाग्यावर कापड ताणले जात नाही, उरेब कापले की ते अंगाबरोबर वळते, म्हणूनच गोल गळ्याची पट्टी उरेब घेतात. एवढे एक तत्त्व नीट कळले तर झग्याचा घेर कसा पडेल हे कात्री लावण्याआधी सांगता येते. मराठी स्त्रीला याचे उत्तम शिक्षण साडीवरच्या ब्लाउजमध्ये मिळते. इतक्या थोड्या कापडात इतक्या अडचणी दुसऱ्या कोणत्याही कपड्यात नाहीत: मुंढा (बाही जोडायची खाच), तीरा (खांद्याची रुंदी), टक्स (आकारासाठी घातलेल्या चुण्या), कटोरीची (छातीवरच्या वाटीसारख्या तुकड्याची) गोलाई, आणि सगळे अंगाला बेतशीर बसायला हवे. त्यासाठी आधी मांजरपाटाचा कच्चा ब्लाउज शिवून, घालून, हात वर करून, खाली वाकून पाहावे; जेथे ओढ येते तेथे पेन्सिलीने खूण करावी आणि मग तो उसवून त्याचाच साचा करावा. शिवणीत माया (टिपेबाहेरचे जादा कापड) भरपूर सोडावी, कारण अंग बदलते. असा स्वतःच्या मापाचा साचा एकदा तयार झाला की पाठीचा गळा, बाहीची उंची, खणाचा काठ कोठे आणायचा, हे प्रश्न सौंदर्याचे होतात. तोवर ते केवळ बसण्या-न बसण्याचे असतात. कुर्त्याला खोल खिसा लावून घेणे हाही त्यातलाच एक निर्णय. बाजारातल्या बायकांच्या कपड्यांना खिसे का नसतात यावर तक्रारी खूप होतात. ज्या स्वतः शिवतात त्यांनी त्या करणे केव्हाच सोडले.

शेवटचा मुद्दा पैशाचा, कारण काम जरा बरे होऊ लागले की नातलग ‘आता ऑर्डरी घे’ असे म्हणू लागतात, आणि पुष्कळ जणींची निर्मिती नेमकी येथेच अडते. पूर्ण बाह्यांच्या स्वेटरचा हिशेब मांडून पाहा. दहा सेंटिमीटरमध्ये २० टाके आणि २८ ओळी, म्हणजे शंभर चौरस सेंटिमीटरला ५६० टाके. पुढचा-मागचा भाग आणि दोन बाह्या मिळून सुमारे ९,००० चौरस सेंटिमीटर कापड होते, म्हणजे पन्नास हजारांवर टाके. मिनिटाला २५ टाक्यांचा सराव असला तरी तेहेतीस-चौतीस तास नुसत्या विणकामाला लागतात. जोडणे, धुणे, बटणे वेगळी. तासाला अवघे शंभर रुपये धरले तरी मजुरीच ३,३००च्या वर जाते, आणि लोकर त्यानंतर. समोरची व्यक्ती तयार स्वेटरचा भाव सांगते आणि आपण संकोचाने अर्ध्या किमतीला हो म्हणतो. अशा कामात ना पैसा मिळतो, ना मनासारखे करायला मिळते, कारण रंगही तिचा आणि नमुनाही तिचाच.

ज्यांना व्यवसाय करायचा आहे त्यांनी तो अवश्य करावा, पण वेळेचा हिशेब कागदावर मांडून, आणि बाळाचे टोपडे, क्रोशाचे कानातले, बेतीव ब्लाउज अशा कमी वेळात पूर्ण होणाऱ्या वस्तूंपासून. मजुरी आणि साहित्य वेगळे लिहून दाखवले तर गिऱ्हाईकही कमी घासाघीस करते, हा माझा अनुभव आहे. ज्यांना व्यवसाय करायचा नाही त्यांनी ‘मी विकत नाही’ असे एकदा स्पष्ट सांगून टाकावे. त्यानंतर फारसे कोणी विचारत नाही. आणि प्रश्न विचारणाऱ्या भगिनींना माझी सूचना अशी, की पुढची वस्तू विनानमुन्याची करावी. सुती धाग्याची, बिनबाह्यांची, फक्त सुलट-उलट टाक्यांची बंडी चालेल. चाचणीचा चौकोन, मापे आणि टाक्यांचा हिशेब एका वहीत लिहून ठेवावा आणि जेथे मन बदलले तेथे का बदलले याची एक ओळ नोंदवावी. दुसरी बंडी करताना त्या वहीचा उपयोग कोणत्याही चलचित्रापेक्षा जास्त होईल.